तिसऱ्या आभाळाला किती बांगड्या

कुरुंद्यात ‘तिसरं आभाळ’ टीव्हीवर लागतं रविवारी संध्याकाळी, पण त्याचा एपिसोड संपतो तो सोमवारी, नजमाभाबीच्या ओट्यावर. ज्यांनी टीव्हीसमोर बसून सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्या बायाही सोमवारी येऊन विचारतात, काल काय झालं म्हणून. झालं ते त्यांना ठाऊक असतं. ते बरं झालं की वाईट, एवढं फक्त भाबीच्या तोंडून ऐकायचं असतं.

नजमाभाबी मनियार. बांगड्या भरणं हे तिच्या सासरचं चालत आलेलं काम. नवरा मोहियोद्दीन मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी पेट्या बांधून हट्ट्याचा, डोंगरकड्याचा बाजार करतो आणि ती घरच्या ओट्यावर बसते. मोहियोद्दीन दिवसभरात जेवढं बोलतो, तेवढं भाबी एका हातात बांगड्या भरताना बोलून टाकते. त्याचं बोलणं म्हणजे बांगडीची मापं. दोन-चार. दोन-सहा. दोन-आठ असेल तर जरा आदरानं, दोन-आठ. लग्न ठरवायला आला तेव्हा चहाची बशी घेताना तिचा हात दिसला, आणि सगळे पोरगी कशी वाटली म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत असताना तो म्हणाला, “दोन-चार.” ही गोष्ट भाबी स्वतःच सांगते, त्याच्याच आवाजात, जरा नाकातून, आणि तो शेजारी बसून पेट्या पुसत ऐकतो. नाही म्हणत नाही.

आता बांगडीचं असं असतं की ती मनगटावर मिरवत असली, तरी माप तिचं मुठीचं असतं. अंगठ्याच्या मुळाशी हात सगळ्यांत रुंद, तेवढं हाड पार झालं की पुढं ती आपली आपण खेळते. अंगठा आत वळवायचा, बोटांची मुळं दाबून एकमेकांच्या कुशीत आणायची, साबणाचा ओला हात फिरवायचा आणि बांगडी वर सारायची. हात सैल असला तर बाईला कळतसुद्धा नाही. घट्ट असला की काच कुरकुरते. आणि बाई हाताकडे बघत बसली की हात घट्ट होतोच होतो. म्हणून सासूनं भाबीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की गिऱ्हाइकाची नजर आधी हातावरून उचल, बाकीचं तुझी बोटं बघून घेतील.

सासू नजर उचलायची ती गावगप्पांनी. कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणाच्या पोराची सोयरीक कशावरून मोडली. त्यापायी दोन घरांचं येणंजाणं बंद झालं, आणि त्या घरच्या बाया ओट्यावर कायम एकमेकींकडे पाठ करून बसायला लागल्या. तेव्हा भाबीनं ठरवलं की गावातल्या माणसांचं सांगायचंच नाही, टीव्हीतल्यांचं सांगायचं. तरी पहिल्या झटक्याला फसलीच. तिनं घरगुती सिरियल धरली. तिच्यात एक सासू होती, सुनेच्या वरणात गुपचूप मीठ टाकणारी. भाबी ती सासू अशी काही करून दाखवायची, मान तिरकी, एक भुवई वर, आवाज काकवीसारखा, की ऐकणारीला स्वतःच्या वरणाची शंका यावी. पण ओट्यावर सासवा-सुना शेजारीशेजारी बसलेल्या. एक सून तोंडाला पदर लावून हसली, तशी तिची सासू एकच हात भरून उठली. माझंच नाव घेऊन सांग की सरळ, असं जाताना म्हणाली. दुसरा हात तिनं किती तरी दिवस तसाच मोकळा ठेवला, सगळ्या गावाला दिसावा म्हणून.

मग भाबीला ‘तिसरं आभाळ’ सापडलं. त्यात सासू नव्हती. पृथ्वीवरचं पाणी संपलेलं, माणसं एका भल्यामोठ्या यानात बसून दुसरीकडे राहायला निघालेली, आणि वाट एवढी लांबची की बसलेली माणसं बसल्या जागी म्हातारी व्हावीत. यानाची कप्तान इरा नावाची बाई. तिच्या हाताखाली बारा नावाचा एक यंत्रमाणूस, त्याला कोणाचंही रूप घेता यायचं. असल्या लोकांशी कुरुंद्यातल्या कोणाचीच सोयरीक नव्हती.

“वर आभाळात झाल्याला खाली कोणाला राग येत न्हाई,” भाबी म्हणायची.

आणि सांगायची कशी, तर इराचा आवाज पोटातून, हुकमी. बाराचा आवाज गॅसच्या टाकीचा नंबर लावताना फोनवर बोलते त्या बाईचा, प्रत्येक शब्दापाशी थांबत. आपण. दाबलेला. पर्याय. चुकीचा आहे. एवढ्यावरच पोरींचे हात लोण्यासारखे होत. पण खरी मजा होती तिच्या निकालात. भाबी एपिसोडला बांगड्या द्यायची. नुसताच वेळ काढला असेल तर चार. बरा असेल तर सहा. रडवलं किंवा श्वास रोखायला लावलं तर डझन. आणि त्याच्याही वर हिरवा चुडा, जो तिनं आजवर कोणत्याच एपिसोडला दिला नव्हता. चुडा काय रोज भरतात का, असं तिचं म्हणणं.

तक्रारीही ठरलेल्या होत्या. संकट आलं की यानात तांबडा दिवा लागतो आणि घुंई घुंई वाजतं, तर ज्याला संकट निवारायचं त्याला ऐकू कसं यावं. गोळ्या खाऊन जगतात ते ठीक, पण वर्षानुवर्षांत एकालाही भाकरीची आठवण येऊ नये हे तिला पटत नव्हतं. आणि इराचे हात मोकळे. काच तिथं चालत नसेल, मान्य. एखादं कडं तर घालावं.

त्यात गेल्या वर्षी बसस्टँडसमोर एक लेडीज कॉर्नर निघालं. तिथल्या कड्यांना खटका असतो. उघडायचं, हात घालायचा, मिटायचं. तिथं हात सैल सोडावा लागत नाही, की कोणी गोष्ट सांगावी लागत नाही. कॉलेजच्या पोरी तिकडे वळल्या. ज्या ओट्यावर येत राहिल्या, त्या काचेसाठी येत होत्या की इरासाठी, हे भाबीनं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

सोमवारच्या बैठकीत एक गिऱ्हाईक मात्र कायम वाकडं बोलायला यायचं. पंचफुलाबाई. धनगराची बाई, दारात मेंढरं, नवरा पुंजाजी कायम त्यांच्यामागे. बाईचा हात राकट आणि जीभ त्याहून. मला कुठं टाइम हाय टीव्ही बघायला, हे तिचं पालुपद. न बघता ती दर सोमवारी यायची, सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची की त्या यानात एक मेंढरू न्हाई, एक कोंबडी न्हाई, कसली वस्ती म्हणायची ती. भाबी तिच्यावर चिडायची आणि ती आली नाही तर रस्त्याकडे बघत राहायची.

तर त्या रविवारी असं झालं. यान एका खडकात अडकलं. सुटायचं तर बाहेरच्या दाराजवळच्या एवढ्याशा खोलीत जाऊन एक दांडा ओढायचा, आणि दांडा ओढला की बाहेरचं दार उघडणार, म्हणजे ओढणारा गेलाच. इरा कोणालाही न सांगता त्या खोलीत गेली. आतलं दार लावून घेतलं. मग टीव्हीभर नुसता हात दिसला, दांड्यावर आवळलेला. दांडा खाली आला, सगळं पांढरं झालं आणि एपिसोड संपला.

कुरुंद्यात त्या वेळी घरोघरी बाया डोळे पुसत असतील. भाबीच्या घरात भाबी ताठ बसली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मोहियोद्दीननं डोळे बारीक करून म्हटलं, “दोन-सहा.”

“बराबर,” भाबी म्हणाली. तिलाही तेच दिसलं होतं. इराचा हात अरुंद होता, अंगठ्याचं हाड खाली. पहिल्या एपिसोडपासून तो हात ती ओळखत होती. दोन-चार त्याच्यात सहज गेली असती. दांड्यावरचा हात रुंद होता. त्याला दोन-चार घालायला गेलं असतं तर बांगडीही गेली असती आणि गिऱ्हाईकही.

सोमवारी ओट्यावर बसायला जागा नव्हती. शेवटची हळद शिजून झाली होती, लांब कुठंतरी हळदीला पॉलिश करणारा ड्रम घरघरत होता, आणि बायांचे हात अजून पिवळेच होते. जी ती इरासाठी हळहळत आलेली. भाबीनं घाई केली नाही. पहिल्या बाईचा हात मांडीवरच्या फडक्यावर घेतला आणि सावकाश सुरुवात केली. खडक चांगला दाखवला, म्हणाली, खरा वाटत होता. बाराला मात्र फुकट उभा केला, त्याला दोनच वाक्यं. तांबडा दिवा नेहमीसारखाच. इरा आतलं दार लावते तेव्हा ती मागे वळून बघत नाही, ते फार चांगलं केलं. दुसऱ्या सिरियलीत बाई तीनदा वळली असती आणि तीनदा गाणं वाजलं असतं.

“पण एक ध्यानात घ्या,” ती म्हणाली आणि हातातली बांगडी हाडापाशी थांबवली. “मेली ती इरा न्हाई. हात दुसऱ्याचा होता.”

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. इराचा हात असा, दांड्यावरचा हात तसा. मग तो कोणाचा? तर बाराचा. त्याला रूप घेता येतं हे सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की नाही? चेहरा त्यानं बरोबर उतरवला, हाताचं माप चुकला. मशीन झालं तरी शेवटी गडीमाणूस. इरा आतच कुठंतरी बेशुद्ध पडलेली आहे, पुढच्या रविवारी उठेल. ज्यानं ही गोष्ट लिहिली त्यानं मोठ्या हुशारीनं ती खूण ठेवली आणि अख्ख्या महाराष्ट्रात ती फक्त कुरुंद्यात सापडली. असं म्हणून तिनं एपिसोडला डझन दिल्या.

ओट्यावर एकदम हलकं झालं. बायांच्या हातांत बांगड्या अशा चढल्या की भाबीला साबण लागला नाही. पंचफुलाबाई तेवढी भिंतीला टेकून बसली होती. ती त्या दिवशी बांगड्या भरायला आली नव्हती, तर आठ दिवसांनी साधनाचा चुडा भरायचा होता, त्याचं सांगायला आली होती. साधना तिची लेक, लग्न डोंगरकड्याच्या घरात ठरलेलं.

“अन् मेली आसल तर?” तिनं विचारलं.

“मेली न्हाई म्हणून सांगून राहिले ना.”

“तू सांगून राहिलीस. पण आसल तर?”

सगळ्या बाया बघत होत्या. भाबी म्हणाली, “मेली आसल तर पुन्हा त्या सिरियलची गोष्ट तोंडातून काढणार न्हाई. जबान दिली.”

पंचफुलाबाईनं मान हलवली, जशी बाजारात सौदा ठरल्यावर पुंजाजी हलवतो.

आठवडाभर गावात इरा जिवंत राहिली. पिठाच्या गिरणीत, नळावर, हळदीच्या खळ्यावर तोच विषय. कोणी कोणाला भेटलं की आधी स्वतःचा हात वर करून बघायचं. एका पोरीनं भाबीला सांगितलं की लेडीज कॉर्नरवालाही म्हणून राहिलाय, हात दुसऱ्याचा होता. भाबीला ते ऐकून जे वाटलं, ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. पण त्या पोरीला एक बांगडी वरून घातली.

रविवार आला. भाबीनं स्वयंपाक लवकर उरकला. एपिसोड सुरू झाला तो यान खडकातून सुटलंय इथून. माणसं दाराजवळ जमलेली. मग इराला आत आणलं. चेहरा दिसला, पण चेहऱ्यावर भाबीचा विश्वास नव्हता. चेहरा तर बारानंही घेतला असता. एवढ्यात बारा स्वतः बाजूला येऊन उभा राहिला, आपल्याच रूपात. भाबी तरी हलली नाही. मग यानातल्या बागेत उगवलेलं एकुलतं एक फूल कोणीतरी इराच्या छातीवर ठेवलं आणि तिचे दोन्ही हात त्यावर जुळवले. टीव्हीभर ते हात दिसले. अरुंद. अंगठ्याचं हाड खाली.

मोहियोद्दीननं डोळे बारीक केले. मग अगदी हळू म्हणाला, “दोन-चार.”

भाबीनं टीव्ही बंद केला नाही. इराला आभाळात सोडून दिलं तिथवर बघितलं. मग परभणीला दिलेल्या लेकीला, महेजबीनला, फोन लावला. महेजबीननं आईचं सगळं ऐकून घेतलं आणि जितकं हळुवारपणे सांगता येईल तितकं सांगितलं, की शूटिंगमध्ये असंच असतं, अम्मी. जवळून हात दाखवायचा असेल तर हातापुरती दुसरी बाई बोलावतात. नटीला वेळ नसतो. त्यात खूणबीण काही नसते. भाबीनं विचारलं, हे तुला कधीपासून ठाऊक? महेजबीन म्हणाली, सगळ्यांनाच ठाऊक असतं. मग घाईनं म्हणाली, म्हणजे सगळ्यांना नाही.

सकाळी भाबीनं पेटी भरली. साधनासाठी दोन-चारच्या हिरव्या, घरच्या बायांसाठी दोन-सहा, दोन-आठ. मोहियोद्दीन म्हणाला की मी येऊ का बरोबर, आणि त्याच्या तोंडून अख्खं वाक्य निघाल्याचं तिला नवल वाटलं. नको म्हणाली.

वाटेत कोणी काही विचारलं नाही, आणि तेच वाईट होतं. इतर वेळी नळावरूनच हाक आली असती. आज बाया घागरीत बघत होत्या.

पंचफुलाबाईच्या दारात मांडव पडला होता. मेंढरं मागच्या वाड्यात कोंडलेली, त्यांचा ओरडा चालू. आतल्या खोलीत सतरंजीवर साधना बसलेली, अंगाला अजून हळद लागायची होती. पलीकडे भिंतीशी नानीबाई, नवरदेवाची चुलत आजी, डोंगरकड्याहून मुद्दाम चुड्याला आलेली. म्हातारीनं बसल्याबसल्याच सांगून टाकलं की त्यांच्या घरात चुड्याची एकही बांगडी तडकलेली चालत नाही, आणि आजवर तडकलेली नाही. मग तिनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

भाबीनं फडकं अंथरलं, साधनाचा डावा हात घेतला आणि तिला कळलं की हा हात नाही, लाकूड आहे. पोरगी एकटक हाताकडेच बघत होती. तिचंही काय चुकलं. नानीबाई हाताकडे बघत होती, मावश्या हाताकडे बघत होत्या, दारातून दोन करवल्या वाकून हाताकडेच बघत होत्या.

“हात ढिला सोड, लेकरा,” भाबी म्हणाली.

साधना म्हणाली की सोडलाय. हात आणखी घट्ट झाला.

भाबीनं अंगठा वळवला, बोटं दाबली. पहिली बांगडी हाडापाशी गेली आणि कुरकुरली. तिनं मागे घेतली. साबण लावला. पुन्हा कुरकुरली, आणि या वेळी भाबीच्या चिमटीतच टिचकन आवाज झाला. हाताला लागली नव्हती, हाडापलीकडेही गेली नव्हती. भाबीनं तुकडा फडक्याखाली सरकवला आणि दुसरी घेतली. नानीबाईनं मान पुढं काढली. तडकली ती पेटीतली होती, हातातली नव्हे, असं भाबी मनात म्हणाली, पण म्हातारीला ते मनातलं ऐकू गेलं असेल असं वाटेना.

खोलीत कोणी बोलत नव्हतं. एवढ्या वर्षांत भाबीनं हे असं कधी ऐकलं नव्हतं, बांगड्या भरताना माणसांचं गप्प बसणं. इतर कशाचं काही बोलावं म्हटलं तर तोंडात काही येईना. पाऊसपाणी, उन्हाळा, काहीच. जिभेवर एकच गोष्ट होती, फूल, हात आणि आभाळात सोडलेली इरा, आणि तिच्यावर जबानीचं कुलूप. वचन दिलं ते या घरच्या बाईला. तिच्याच घरात मोडायचं कसं.

तेवढ्यात पंचफुलाबाई येऊन साधनाच्या पाठीशी बसली. आली ती बोलतच.

“काय झालं म्हणं काल? ती इरा मेली अन् तिला पुरलं.”

भाबीचा हात थांबला. पुरलं? तिथं माती कुठं आहे. पण जबान दिलेली होती.

“मला कुठं टाइम हाय बघायला,” पंचफुलाबाई म्हणाली. “शेजारणीनं सांगितलं. म्हणं ते यान एका ठेसनावर थांबलं. तिथं सगळे उतरले, च्या घेतला.”

साधनाची नजर हातावरून उठून आईकडे गेली.

“मग तो यंत्राचा माणूस आला. तेरा.”

“बारा,” भाबीच्या तोंडून निघून गेलं. तिनं लगेच ओठ मिटले.

“तेरा,” पंचफुलाबाई ठामपणे म्हणाली. “तो म्हणं लई रडला. रडून रडून गंजला. मग त्याला इराच्या माहेरी निरोप घेऊन पाठवला, तर त्याच्याजवळ तिकीट न्हाई.”

साधना फिस्सकन हसली. भाबीच्या बोटांना ते आधी कळलं. अंगठ्याचं मूळ विरघळल्यासारखं झालं, आणि पहिली बांगडी हाड पार करून मनगटावर जाऊन बसली. नानीबाईनं चष्मा वर केला.

भाबीनं दुसरी घेतली. पण आता तिचीच अवस्था कठीण होती. पंचफुलाबाई यानात मेंढरं घालत होती, यानाला चाकं लावत होती, खडक म्हणजे वसमतच्या रस्त्यावरचा कोणता ते सांगत होती, आणि भाबीच्या कपाळावरची शीर उडत होती.

“पंचफुला,” ती शेवटी म्हणाली, “काहून छळून राहिलीस. मी जबान दिल्यालीये.”

“सांगायची न्हाई म्हणून दिलीस,” पंचफुलाबाई म्हणाली. “मी कुठं तुला सांग म्हणते. सांगून तर मी राहिले. तू माझं चुकलं तेवढं नीट कर. नीट करणं म्हंजे सांगणं व्हय का, नानीबाई?”

नानीबाई न्यायाच्या प्रश्नाला एकदम सावध झाली. थोडा विचार करून म्हणाली की न्हाई, ते वेगळं.

डोंगरकड्याचा निकाल लागला. भाबीनं एक मोठा श्वास घेतला. मग तिनं नीट करायला सुरुवात केली. पुरलं नाही, आभाळात सोडलं; तिथं माती नसते. ठेसन नव्हतं. तेरा नाही बारा, आणि तो रडला नाही, रडता येत नाही त्याला, तेच तर दुःख. तो नुसता म्हणाला, आणि इथं भाबीचा आवाज आपोआप गॅसच्या टाकीवर गेला, कप्तानाचा. आदेश. मिळालेला. नाही. खोलीतल्या बाया हसायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या, कारण दुसऱ्यांदा तेच वाक्य भाबीनं अगदी हळू म्हटलं, जसं काल टीव्हीवर झालं होतं.

डावा हात भरला. एक जास्तीची त्याच हातात गेली, रिवाजाप्रमाणे. उजवा हात साधनानं आपण होऊन पुढं केला, न बघता.

“अन् ते हाताचं?” दारातल्या करवलीनं विचारलं. पंचफुलाबाईनं तिच्याकडे डोळे वटारले.

भाबीनं बांगडी चढवता चढवता सांगितलं. हात दुसरीचाच होता, त्यात चूक नाही. पण तो गोष्टीतला हात नव्हता, शूटिंगमधला होता. हातापुरती बाई बोलावतात, म्हणाली. तिचं नाव पण येत न्हाई कुठं. मी हात बराबर ओळखला, गोष्ट न्हाई ओळखली. मग थोडं थांबून म्हणाली, खरी इरा तर शेवटी दिसली. छातीवर हात जुळवले होते आणि त्यात ते जांभळं फूल.

“पिवळं होतं,” पंचफुलाबाई म्हणाली.

भाबीनं मान वर केली. फूल पिवळंच होतं. जांभळं तिच्या तोंडून चुकून गेलं होतं.

पंचफुलाबाई आढ्याकडे बघत होती. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

“टाइम कुठं हाय तुला,” भाबी म्हणाली.

“शेजारणीनं सांगितलं,” पंचफुलाबाई आढ्याला म्हणाली. मग विषय बदलावा म्हणून तिनं जोरात विचारलं, की मग किती बांगड्या या एपिसोडला? लगेच आपणच उत्तर दिलं, “मी तर चार देते. त्यात झालं काय, एक बाई मेली.”

“चार?” भाबी म्हणाली. “डोकं ठिकाणावर हाय का तुझं? एका बाईसाठी सगळं यान बागेतलं एकुलतं एक फूल तोडतं, ज्याला रडता येत न्हाई तो बाजूला उभा राहतो, अन् कोणी गाणं वाजवत न्हाई. तांबडा दिवा बी लावला न्हाई एकदा. चार म्हणे.” शेवटची हिरवी बांगडी तिनं हाडापाशी नेली, जरा फिरवली आणि वर सारली. “चुडा.”

आता खोलीत कोणी हाताकडे बघत नव्हतं. साधनानं दोन्ही हात हलवून बघितले. बांगड्या वाजल्या, एकसारख्या. नानीबाईनं दोन्ही मनगटं चष्म्याजवळ नेऊन तपासली, बोटानं एकेक बांगडी पुढं सारून मोजली, आणि सोडून दिली. फडक्याखालच्या तुकड्याचा विषय तिनं काढला नाही.

पंचफुलाबाई उठली, चहा टाकायला सांगितला, मागच्या वाड्यातल्या मेंढरांवर ओरडली. दारातून वळून म्हणाली, की सोमवारी येईन, चुकीचं सांगायला.

भाबी फडकं झटकून पेटी आवरायला लागली, तर तिच्यापुढं एक सुरकुतलेला हात आला. नानीबाईनं आपल्या जुन्या, झिजलेल्या बांगड्या कोपराकडे सारल्या होत्या. म्हातारी म्हणाली की ही इरा कोणाची कोण, ते यान कुठून निघालं, काहीच कळलं नाही. भरायच्याच आहेत बांगड्या, तर पहिल्यापासून नीट करून टाक.

भाबीनं तो हात फडक्यावर घेतला, उलटासुलटा करून बघितला, आणि नाकातून, मोहियोद्दीनच्या आवाजात म्हणाली, “दोन-सहा.” मग अंगठा हळूच आत वळवत, पृथ्वीवरचं पाणी संपलं तिथून तिनं नीट करायला घेतलं.